पेट्रोल सांडलं की रंग का उठतो?

जुनी बाईक घरी रंगवणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. बहुतेक वेळा गाडी पंधरा-वीस वर्षांची स्प्लेंडर असते. टाकी झकास चमकते, मग एकदा पंपावर पेट्रोल उतू जातं आणि झाकणाभोवतीचा रंग सुरकुतून वर येतो. असं का होतं आणि टाकी घरी नीट कशी रंगवायची, ते सविस्तर सांगतो.

रंग स्वस्त होता म्हणून उठला नाही, त्यात हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करायला मिसळतात ते रसायन, नव्हता म्हणून उठला. हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे कॅन नुसता थिनर उडून वाळतो, त्यामुळे पेट्रोल लागलं की तो थर पुन्हा मऊ पडतो. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, हार्डनरशी क्रिया होऊन घट्ट होतो आणि मग विरघळत नाही. मात्र साध्या एनॅमलवर, म्हणजे दारं-खिडक्यांच्या ऑइल पेंटवर, पीयू मारू नका, क्लिअरमधला थिनर खालचा एनॅमल उचलतो. खाली ऑटो पेंटचा बेसकोटच (क्लिअरखालचा रंगाचा थर) हवा. टाकी, दोन साइड पॅनल आणि मागचा काऊल (सीटमागचं कव्हर) मिळून पाव लिटर बेसकोट आणि तितकाच क्लिअर साधारण पुरतो. सिल्व्हरसारख्या मेटॅलिकला थोडा जास्त धरा, आणि पहिल्यांदाच करत असाल तर काळाच घ्या. मेटॅलिकमध्ये हात जरा अडखळला की ढगांसारखे डाग दिसतात.

पण सुरुवात रंगापासून नाही, टाकीच्या आतून करायची. सीट काढा, टाकीचा मागचा बोल्ट सोडा, कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) बंद करून पाइप काढा आणि टाकी मागे ओढून उचला. पेट्रोल काढलं म्हणजे धोका संपला असं समजू नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त पेट घेते. साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्या. मग कॉक काढून ते भोक घट्ट बंद करा. आत गंज असेल तर दर लिटर गरम पाण्याला ७५ ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. दहा लिटरच्या टाकीला पाऊण ते एक किलो लागतं. मूठभर लोखंडी नट आत टाका, पण मोजून, म्हणजे तेवढेच बाहेर आले का ते कळेल. रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा.

लोक चुकतात ते यानंतर. ॲसिड ओतून टाकलं की उघडं पडलेलं लोखंड काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतं. म्हणून लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा, हेअर ड्रायरने आतून कोरडं करा आणि कपभर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये घालतात ते) टाकून टाकी सगळीकडे फिरवा. गंजाने बुजलेली बारीक भोकं आता गळायला लागतील. ती ॲसिडने पाडलेली नसतात, उघडी केलेली असतात. एम-सील तात्पुरतं आहे. रेडिएटरवाल्याकडून ब्रेझिंग (पितळेचं झाळकाम) करून घ्या आणि मगच रंगाकडे वळा.

बाहेरून सगळा जुना रंग खरवडायची गरज नाही. घट्ट असेल तो ठेवा, गंजलेली जागा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्र्यापर्यंत उघडी करा आणि कडा ३२०, ४०० ने उतरत्या करा. बोट फिरवलं की पायरी लागता कामा नये. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर). खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरताना १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम हार्डनर पुरे. लवकर सुकावं म्हणून जास्त घातलात तर त्याचा डाग आठवड्याभराने रंगातून वर दिसतो. लांबीवर सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा प्रायमर) मारून ६०० चा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पेपर. साइड पॅनल प्लॅस्टिकचे असतात, त्यांना प्लॅस्टिक प्रायमर वेगळा लागतो.

मारायच्या आधी पृष्ठभाग डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) पुसा आणि मग बोट लावू नका. केसाच्या तेलाचा हात किंवा सीटच्या पॉलिशमधलं सिलिकॉन लागलं, तर रंग तिथून मागे सरतो आणि गोल खड्डे पडतात. बेसचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये दहा-पंधरा मिनिटं. स्टिकर क्लिअरच्या आधी लावायचे, साबणाच्या पाण्यावर सरकवून, आणि पाणी पूर्ण वाळू द्यायचं. क्लिअरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजे नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा (रसायनांची वाफ गाळणारा) मास्क घ्या आणि काम मोकळ्या हवेत करा.

कोकणात जुलैमध्ये हा उद्योग करू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंग पांढुरका होतो. ऑक्टोबरच्या भर दुपारी उलट, थेंब पत्र्यावर पोचण्याआधीच सुकतात आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ऊन चढल्यावर, सावलीत.

रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करावी लागते, त्यापेक्षा मूळचाच रंग बरा. क्लिअर दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, तरी पेट्रोल आठवडाभर नको.

आणि गाडी रंगवून झाल्यावर सात-आठ किलोमीटरवर बंद पडते, झाकण उघडलं की फुस्स आवाज येऊन पुन्हा सुरू होते, असं झालं तर कार्ब्युरेटर उघडू नका. झाकणातलं हवेचं बारीक भोक लांबीच्या धुळीने बुजलेलं असतं. सुईने मोकळं करा.