बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा: जुन्या गाडीची वायरिंग घरच्या घरी तपासताना

गाडी २००३ सालची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. बॅटरी १२ व्होल्ट, ३५ एएच (अँपिअर-तास). तक्रारी तीन होत्या. दोन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही. बॅटरी चार्ज करून बसवली तरी सेल्फ जड फिरतो. आणि ब्रेक दाबला की मागचा उजवा इंडिकेटर उगाच मिणमिणतो. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला नवीन बॅटरीचा मिळतो, आणि महिनाभर गाडी बरी चालतेही, कारण नवी बॅटरी दोष झाकून ठेवते. म्हणून मी आधी मीटर काढला.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर (डीसी मिलिव्होल्ट आणि १० अँपिअरचं वेगळं भोक असलेला), २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब होल्डरसकट आणि त्याला दोन वायरी, १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी), आणि चावी फिरवायला घरातलं कोणीतरी.

सुरुवात बॅटरीपासूनच. रात्रभर उभ्या गाडीत, काहीही चालू नसताना, पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. माझी चार्जरवरून काढून रात्रभर ठेवल्यावर १२.६ होती. सेल्फ मारताना ती १०.४ पर्यंत आली. ९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरीवर शंका घेतली असती. इंजिन चालू करून हेडलाइट लावल्यावर १४.१. हा आकडा १३.८ ते १४.५ मध्ये असला की अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) आणि त्याचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर ठीक. मीटर एसीवर टाकून तेच टर्मिनल पुन्हा बघितले. अर्ध्या व्होल्टच्या आसपास एसी दिसला तर अल्टरनेटरमधला एसीचा डीसी करणारा डायोड गेलेला असतो. इथे तसं काही नव्हतं. एवढ्यात बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही निर्दोष सुटले.

आता जड सेल्फ. इथे बरेच जण मीटरचा बझर लावून वायर ‘चेक’ करतात, पीं वाजलं की वायर चांगली म्हणतात. मोठ्या करंटच्या वायरीसाठी ही चाचणी निरुपयोगी आहे. शंभर तारांपैकी पाचच धड असल्या तरी बझर वाजतो, पण त्या पाच तारांतून सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअर करंट जात नाही. वायर मोजायची ती करंट वाहत असताना, आणि मोजायचं काय, तर तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट वाया जातात ते.

फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर. सेल्फ मारला की इथे ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त दिसता कामा नये. आकडा आला ०.९. मग एकेक टप्पा वेगळा केला. खुंटी ते क्लॅम्प ०.०४, क्लॅम्प ते बॉडी ०.०६, बॉडी ते इंजिन ०.८. म्हणजे बॉडीवरून गिअरबॉक्सवर जाणारी अर्थची पट्टीच (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वायर) दोषी. पॉझिटिव्ह बाजूही बघितली: बॅटरीची खुंटी ते सेल्फवरचा जाड बोल्ट, ०.३५. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, सोडून दिलं.

पट्टी वरून अखंड दिसत होती. रबर चिरून बघितल्यावर आत तांब्याऐवजी काळी-हिरवी पूड, आणि थिंबलपाशी तारा बोटाने तुटत होत्या. हिशोब केला तर ०.८ व्होल्ट भागिले साधारण १३० अँपिअर, म्हणजे ०.००६ ओहम. साध्या मीटरच्या स्वतःच्या प्रोबचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. एवढा बारीक दोष ओहमच्या सेटिंगवर कसा दिसणार? अर्थची पट्टी अशी गेली की सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने परत येतो, कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून, कधी गिअरच्या. सेल्फ मारल्यावर केबल कोमट लागली तर हेच कारण समजावं.

नवी वायर २५ चौरस मिमीची तांब्याची घेतली, दोन्ही टोकांना थिंबल दाबून. घरच्या पकडीने दाबलेलं थिंबल भरवशाचं नसतं. बॅटरीच्या केबल बनवणाऱ्याकडून दाबून घ्यावं. बॉडीवर जिथे बसते तिथला रंग आणि गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, खाली दातेरी वॉशर टाकला, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासली. जेली आवळल्यानंतर, आधी नाही. बॅटरीजवळ काम करताना निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची, म्हणजे पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. पुन्हा मोजलं तेव्हा इंजिन ते खुंटी ०.१२.

मागच्या दिव्याचं दुखणं त्याच जातीचं, फक्त लहान. दिव्याच्या घरातल्या सगळ्या बल्बांना मिळून एकच अर्थ असतो. तो कुजला की ब्रेकच्या बल्बचा करंट इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा जाऊन जमीन शोधतो, म्हणून तो मिणमिणतो. ब्रेक दाबून धरायला सांगून बल्बच्या पितळी अंगापासून डिकीच्या उघड्या पत्र्यापर्यंत मोजलं: ३.८ व्होल्ट. हवं होतं ०.१ च्या आत. काळी वायर कपलरपासून (वायरी जोडणाऱ्या प्लगपासून) कापून नवी दीड चौरस मिमीची वायर थेट बॉडीवर घेतली. काम संपलं.

खरी मेहनत उभ्या गाडीत बॅटरी खाणाऱ्या चोराला पकडण्यात गेली. बॉनेट उघडं, एक दरवाजा उघडा ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद केलं आणि खांबावरचं बटण टेपने दाबलं, म्हणजे आतला दिवा विझतो. चावी काढून खिशात. निगेटिव्ह क्लॅम्प काढून क्लॅम्प आणि खुंटीच्या मध्ये मीटर, १० अँपिअरच्या भोकात. या अवस्थेत चावी फिरवायची नाही, हेडलाइटही लावायचे नाहीत. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुधा फ्यूजच नसतो. मग अर्धा तास गप्प बसायचं. कंट्रोल युनिटला झोपायला वेळ लागतो, लगेच दिसलेला आकडा खरा नसतो.

अर्ध्या तासानंतरही ०.३८ अँपिअर. अशा गाडीत घड्याळ, रेडिओची मेमरी आणि कंट्रोल युनिट मिळून वीस-तीस मिलिअँपिअर जावेत. पन्नासपर्यंत दुर्लक्ष करता येतं. ०.३८ म्हणजे दिवसाला नऊ एएच, दोन दिवसांत ३५ ची बॅटरी निम्मी. पहिली तक्रार इथे जुळली.

इथून पुढे एकेक फ्यूज उपटत बसणं ही प्रचलित पद्धत, पण फ्यूज काढून घातला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि आकडे हलतात. त्यापेक्षा फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मीटर २०० मिलिव्होल्टवर लावायचा. करंट जात नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या लाल फ्यूजचा रोध सात-आठ मिलिओहम असतो, म्हणून १०० मिलिअँपिअरला पाऊण मिलिव्होल्टच्या आसपास दिसतं. सगळे फ्यूज ०.० दाखवत गेले, आतल्या दिव्याच्या आणि रेडिओच्या १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजवर १.७ आलं. सगळेच फ्यूज शून्य निघाले असते तर मोर्चा अल्टरनेटर आणि सेल्फच्या जाड वायरींकडे वळवला असता, कारण त्या फ्यूजच्या पेटीतून जात नाहीत.

चोर निघाला नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम. अशा सेटची पिवळी वायर कायम चालू, मेमरीसाठी; लाल वायर चावीसोबत चालू-बंद होणारी. कोणीतरी दोन्ही एकत्र पिळून टेप मारली होती, त्यामुळे सेट कधी पूर्ण बंदच होत नव्हता. लाल वेगळी करून चावीवरच्या लाइनला जोडली आणि ३ अँपिअरचा फ्यूज घातला. जोड पिळून टेप नाही. क्रिंप (दाबून बसवलेला धातूचा जोड) आणि वर उष्णतेने आक्रसणारी नळी. पावसाळ्यात टेप सुटते आणि कोकणातल्या दमट हवेत तांबं लवकर हिरवं पडतं. आकडा उतरला ०.०२ वर. डॅशबोर्डखाली हात घालताना पिवळ्या वेष्टणातल्या एअरबॅगच्या वायरी दिसल्या तर त्यांना मीटर अजिबात लावू नये.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा घालायचा नाही. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, ३० चा हिरवा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळते. फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब लावायचा. शॉर्ट असेल तर झगझगीत पेटतो, पण दोन अँपिअरच्या वर करंट जात नाही. मग वायरिंग ठिकठिकाणी हलवत जायचं. बल्ब विझला तिथे दोष. दरवाज्याच्या बिजागरीजवळचा रबरी नळा आणि उंदरांना आवडणारी बॅटरीखालची जागा या दोन ठिकाणी आधी हात घालावा.

शेवटी हेडलाइट. इंजिन चालू, बॅटरीवर १४.१, पण बल्बच्या कपलरवर ११.९. दोन व्होल्ट स्टिअरिंगखालच्या जुन्या स्विचमध्ये आणि बारीक वायरीत जात होते, आणि एवढ्या घसरणीने बल्बचा प्रकाश जवळपास निम्मा होतो. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून नऊ अँपिअरच्या वर घेतात. लो आणि हाय बीमला एकेक चार पिनांचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवला: ३० नंबरला बॅटरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून २.५ चौरस मिमीची वायर, ८७ वरून बल्ब, ८६ ला जुन्या कपलरवरची स्विचची वायर, ८५ अर्थला. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास. बल्बवर १३.६ मिळतात. हे करण्याआधी स्विच कुठल्या बाजूला आहे ते मीटरने बघावं. काही जपानी धाटणीच्या गाड्यांत बल्बला पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विच अर्थची बाजू जोडतो. तिथे ८६ ला कायमचा पॉझिटिव्ह आणि ८५ ला स्विचची वायर द्यावी लागते, आणि बल्बच्या कपलरची पिनांची मांडणीही वेगळी असते.