मोत माउलीच्या वाटेवर

भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चपासून पहाटे चारला निघालो. ८ सप्टेंबरनंतरचा रविवार, बांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या फेस्ताचा, सणाचा. दादर, पोर्तुगीज चर्च, माहीमचं सेंट मायकल, सगळं जपमाळेत मागे पडलं. पुढच्या घोळक्याने स्पीकर लावला होता आणि वहिनी ‘नमो मरिया’ इतक्या घाईने उरकत होती की तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं. आई एकेक शब्द सावकाश म्हणायची.

गेल्या वर्षी याच वाटेने मी आईसाठी मेणाचं पोट नेलं होतं; जो अवयव दुखतो तो मेणाचा करून माउलीला वाहतात. फेब्रुवारीत ती गेली. पोटाचा कॅन्सर. त्यानंतर मी मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला जायचे, पण ओठ मिटून बसायचे. पप्पांनी संध्याकाळची जपमाळच बंद केली.

यंदा मी आईच्या चपला घालून निघाले. मला त्या लहान होतात, तरी हट्टाने घातल्या. माहीम कॉजवेवर टाचेचा फोड इतका ठणकायला लागला की कठड्यापाशी खालीच बसले. एक कोळीण मावशी थांबली. काही न विचारता तिने माझा चिखलाने भरलेला पाय मांडीवर घेतला, बटव्यातून सुई काढली, पांढरा दोरा ओवला आणि फोडातून अलगद आरपार नेला. दोऱ्याची दोन्ही टोकं बाहेर ठेवली.

“दोरा राहू दे आत, पाणी झिरपून जाईल. पंढरपूरला चालतो तेव्हा असंच करतो आम्ही.”

मग चपलांकडे बघून म्हणाली, “कोणाच्या गो?”

“आईच्या.”

ती पुढे काही बोलली नाही. पाय मात्र बराच वेळ मांडीवरून खाली ठेवला नाही. मला रडू फुटलं. दफनाच्या दिवशीसुद्धा आलं नव्हतं.

त्या दिवशी फादरांनी बायबलमधलं लाजरचं वाचन घेतलं होतं, मेलेल्या लाजरला येशू उठवतो ते. मी लाजरच्या बहिणीच्या, मार्थाच्या येशूकडच्या तक्रारीतच अडकले होते: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. माझीही तीच तक्रार होती. पण त्याच कबरीकडे जाताना येशू रडतो, हे कॉजवेवर बसल्या बसल्या आठवलं. लाजरला उठवणार हे ठाऊक असूनही तो आधी रडला. त्याच्यावरचा माझा राग तिथे निवळायला लागला.

उठले तोवर मावशी गर्दीत दिसेनाशी झाली होती. चपला हातात घेतल्या. वहिनीने न सांगता माझी पिशवी घेतली आणि ‘नमो मरिया’ पुन्हा सुरू केलं. या वेळी मीही म्हटलं.

हिल रोडला धक्काबुक्की, घामाने जीव नकोसा. पायथ्याच्या दुकानात मेणाचे हात, पाय, काळजं मांडलेली.

“कोणासाठी हवंय?” दुकानातल्या मुलीने विचारलं.

“आईसाठी.”

“काय दुखतंय त्यांचं?”

“आता काहीच दुखत नाही.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग मागच्या खोक्यात हात घालून वीतभर उंचीची मेणाची बाई काढली, डोक्यापासून पायापर्यंत अख्खी, आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.