दुपारी विसरणारा बोर्ड

रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आम्ही यंत्रांची कंपनं मोजणारं उपकरण बनवतो. नमुने घेणं आणि स्क्रीन सांभाळणं एका प्रोसेसरला झेपेना, म्हणून एकाच बोर्डावर दोन एसटीएम३२एफ४२९ बसवायचं ठरलं. आतली २५६ केबी रॅम बघता बघता भरायची, तेव्हा बाहेरून एसडीरॅम, म्हणजे मेमरीची वेगळी चिप, आलीच.

माझी पहिली हौस म्हणजे दोघांत मिळून एकच मेमरी. कागदावर झकास दिसत होतं. पण एसडीरॅमला एकच मालक चालतो. रिफ्रेश (पेशींतून गळणारा चार्ज वेळोवेळी पुन्हा भरणं) कोणी करायचा, उघडलेली मेमरीची ओळ बंद कोणी करायची, यावरून दोघांची जुंपणार आणि मध्ये पंच म्हणून एफपीजीए, म्हणजे हवी तशी जुळवता येणारी आणखी एक चिप, आणावी लागणार. त्यापेक्षा चुली वेगळ्या केल्या: प्रत्येकाला स्वतःची ३२ एमबीची चिप, आणि आपापसांत बोलायला एसपीआय ही तारांची जोडणी.

चार थरांच्या बोर्डावर ट्रॅक ओढताना एक सोय कळली. एकाच बाइटमधल्या डेटा लाइन आपापसांत खुशाल बदलाव्यात. लिहिताना जी अदलाबदल होते तीच वाचताना उलटते. ॲड्रेस लाइनींना मात्र हात लावायचा नाही, कारण चिपच्या सेटिंग्ज त्यांच्यावरूनच जातात. या एका गोष्टीमुळे माझे निम्मे व्हाया (एका थरातून दुसऱ्यात ट्रॅक नेणारी छिद्रं) वाचले.

सोल्डरिंगवाल्या काकांनी ५४ पायांच्या दोन्ही चिपा फ्लक्स लावून एका ओढीत बसवल्या. मेमरी टेस्ट पास. मी पेढे वाटले. घाईच झाली.

मे महिना होता. सकाळी बोर्ड शहाण्यासारखा चालायचा आणि दुपारी तीननंतर आलेखात भलतेच काटे उठायचे. टेस्ट लावली की पुन्हा पास! मी चार दिवस पॉवर सप्लाय आणि कपॅसिटर बदलत बसलो. शेवटी काका म्हणाले, "साहेब, ह्याला ताप येतोय." दुसऱ्या दिवशी मी ठाण्याहून घरचा हेअर ड्रायर घेऊन गेलो.

टेस्टही बदलली. जुनी टेस्ट एकेक शब्द लिहून लगेच वाचायची. तेवढ्यात कोणती मेमरी विसरेल? आता सगळी मेमरी भरायची, दहा सेकंद थांबायचं, मग वाचायची. गार असताना शून्य चुका. ड्रायरची गरम हवा लागली की शेकड्यांनी.

मग रिफ्रेशचा हिशेब उघडला. उदाहरणाच्या कोडमधला आयता आकडा न घेता तो मी स्वतः काढला होता, आणि त्यात दोन चुका. ६४ मिलिसेकंदांत ४,०९६ ओळी धरल्या होत्या. त्या ट्रायलच्या ८ एमबी चिपच्या. हिच्यात ८,१९२. शिवाय एका ओळीच्या वाट्याचा वेळ गुणला प्रोसेसरच्या १८० मेगाहर्ट्झने, मेमरीचं घड्याळ चालतं ९० वर. किती ठोक्यांनी रिफ्रेश करायचा ते ठरवणाऱ्या रजिस्टरात २७९२ होते, हवे होते ६८३. म्हणजे प्रत्येक ओळीची पाळी ६४ऐवजी २५६ मिलिसेकंदांनी येत होती. गार चिप तेवढंही निभावून नेते. तापली की पेशींतला चार्ज लवकर गळतो.

एक आकडा बदलला. दोन्ही प्रोसेसरांत तोच कोड, म्हणून दोन्हीकडे. एसी बंद करून सकाळी अकरापासून टेस्ट लावली. सहा वाजता चुका शून्य होत्या, आणि काकांनी मला न विचारता एसी सुरू केला.