फिलिडोर पाठ होता, तरी घाम फुटला

बुद्धिबळातल्या हत्तींच्या एन्डगेमचा (शेवटच्या टप्प्याचा) नाद सोडून ओपनिंगकडे (सुरुवातीच्या चालींकडे) वळतो, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. ते रद्द. रविवारी इथल्याच रेटिंग स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी १९८० रेटिंगवाल्याला अर्ध्या गुणावर रोखलं. माझं रेटिंग १५२०. समोर अकरा-बारा वर्षांचा पोरगा, पाय जमिनीला टेकत नव्हते. दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बटुमीला महिला विश्वचषक जिंकल्यापासून नागपुरात दर दुसऱ्या फेरीला असा एखादा वाट्याला येतो.

कारो-कान ओपनिंग, मग माझं एक प्यादं फुकट गेलं. त्यावर बोलायला नको.

५८व्या चालीला त्याचा राजा डी५, प्यादं ई५. माझा राजा ई८, हत्ती एच६. शुद्ध फिलिडोर, म्हणजे प्यादं कमी असूनही ड्रॉ धरायची ठरलेली पोझिशन: सहाव्या ओळीतला हत्ती समोरच्या राजाला पुढे येऊ देत नाही! तरी मागून शह द्यायला हात शिवशिवत होता. दिला असता तर त्याचा राजा प्याद्यापुढे सरकला असता. त्यातूनही वाचता येतं, पण दर चालीला मिळणाऱ्या ३० सेकंदांच्या इन्क्रिमेंटवर कोण वाचतंय? हत्ती एच६-जी६-एच६ करत बसलो. शेवटी कंटाळून त्यानं ई६ ढकललं आणि मी लगेच एच१. राजाला आडोसाच उरला नाही, शहावर शह. काय सुख ते!

आणि तिथंच माती खाल्ली. तीच पोझिशन तिसऱ्यांदा येणार होती, म्हणजे ड्रॉ मागता येतो. मी चाल खेळलो, घड्याळ दाबलं आणि मग आर्बिटरला (पंचांना) हाक मारली. ते म्हणाले, "आधी चाल लिहायची, खेळायची नाही. आता पाळी त्याची." पुढच्या वेळी लिहून दाखवलं, तेव्हा कुठे ड्रॉ. पोरगा म्हणाला, "काका, हे तुम्ही पाठ करून आले ना?"

रेटिंगचा फरक ४६० चा, पण हिशेबात धरतात ४००च. के-फॅक्टर (रेटिंग किती वेगानं बदलतं तो गुणक) २०, म्हणजे ८.४ वाढले.

रात्री टेबलबेस (थोड्या मोहऱ्यांच्या पोझिशनचा अचूक निकाल सांगणारा संगणकी साठा) उघडला आणि नशा उतरली. ५२व्या चालीला माझा राजा एच७ वर, त्याचा हत्ती जी-फाईलवर, प्यादं ई४: मी हरलेलो होतो! त्यानं हत्ती हलवून मला सोडून दिलं.

म्हणून लुसेनाचा (हत्तींच्या एन्डगेममधल्या जिंकायच्या ठरलेल्या पोझिशनचा) बेत होता तो पुढे ढकलतो, आधी कापलेला राजा, म्हणजे हत्तीनं असा प्याद्यापासून दूर अडवलेला. सीताबर्डीच्या रेक्झिनच्या पटावर हीच पोझिशन मांडलीय. डिजिटल बोर्ड कशाला? खरं तर लिहिता लिहिता सुचलं: काळ्याकडून नको. आज रात्री पांढऱ्याकडून बसतो, जिंकायचं कसं ते मलाच येत नाही.