पाय ठणठणीत होते, तरी का सोडली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत मी 2024 साली कॅम्परडाउन गावापाशी सोडली. तेव्हापासून प्रश्न एकच येतो : ‘पायाला काही झालं नव्हतं, कट-ऑफलाही, म्हणजे मुदत संपायलाही, वेळ होता, मग सोडलीस का?’ रनिंग ग्रुपमधले विचारतात, ऑफिसात विचारतात, एका लग्नात हातातलं ताट सांभाळत एका काकांनीही विचारलं. माझं उत्तर पहिल्यापासून तेच आहे. पुढे जायची इच्छा उरली नव्हती. त्यावर समोरचा क्षणभर घुटमळतो आणि म्हणतो, ‘म्हणजे गुडघा वगैरे दुखत होता का?’

गुडघा लोकांना चालतो. पोट बिघडलेलं चालतं, क्रॅम्प चालतो, उन्हाचा त्रासही चालतो. इच्छा गेली म्हटलं की मात्र चेहऱ्यावर लगेच ‘मनाने कच्ची’ असा शिक्का उमटतो. म्हणून कितीतरी जण घरी येताना एखादं दुखणं सोबत घेऊन येतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. इतके महिने पहाटे चारला उठून धावलेल्या माणसावर शेवटी खोटं बोलायची वेळ का यावी?

शर्यतीविषयी थोडं सांगते. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी व्हिक क्लॅफम या रेल्वे इंजिन ड्रायव्हरने ती 1921 मध्ये सुरू केली. त्या पहिल्या वर्षी 34 जण निघाले आणि 16 पोहोचले. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक पहिल्याच दिवशी वाटेत राहिले होते, आणि तरीही शर्यत शंभरी ओलांडून चालू आहे. साधारणपणे एक वर्ष ती डरबनहून पीटरमॅरिट्झबर्गला चढते, एक वर्ष उलटी उतरते. आमच्या वर्षी चढाची होती, सुमारे 86 किलोमीटर, मुदत 12 तास. आपल्याकडून दरवर्षी शेकडो जण जातात, त्यात मराठी माणसं भरपूर. मुंबई मॅरेथॉनमध्ये पात्रतेची वेळ काढायची, लोणावळ्यात रात्री पन्नास किलोमीटर धावायचं आणि बाकीचे रविवार बोपदेव घाटात घालवायचे, असा आम्हा पुणेकरांचा ठरलेला क्रम असतो.

अंधारात डरबनच्या सिटी हॉलसमोर सगळे मिळून ‘शोशोलोझा’ हे तिथलं कामगारांचं गाणं गातात, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल हे तिन्ही मोठे चढ ठरवल्याप्रमाणे झाले. ड्रमंड गावाला अर्धं अंतर संपलं, समोर इंचांगाचा चढ उभा राहिला, तोही चालत-धावत पार पडला. तिथे एथेम्बेनी या अपंग मुलांच्या शाळेतली मुलं रस्त्याच्या कडेला ओळीने हात पुढे करून बसतात. प्रत्येकाच्या हातावर टाळी देत मी गेले. आजही त्या दिवसातलं मला सगळ्यात आवडणारं ते दृश्य आहे.

त्यानंतर उघडा, सपाट, लांबच लांब रस्ता लागतो. तिथे मला पहिल्यांदा ‘पुरे’ असं वाटलं.

लांब पल्ल्यात असं वाटणं नवीन नाही. पहिल्यांदा ‘पुरे’ वाटतं तेव्हा बहुतेक वेळा पोट रिकामं असतं. साखर खाली आली की आधी मन काळवंडतं, पायांना नंतर कळतं. म्हणून ग्रुपमधल्या सीनियर मंडळींनी शिकवलेला नियम पाळला : वाईट वाटत असताना निर्णय घ्यायचा नाही, आधी खायचं. वाटेतल्या खाण्यापिण्याच्या टेबलावर उकडलेल्या बटाट्यांच्या फोडी होत्या, शेजारी मिठाची ताटली. फोड मिठात बुडवून खाल्ली, अजून दोन खाल्ल्या. तिथे पाणी प्लास्टिकच्या छोट्या बंद पिशव्यांतून देतात. कोपरा दाताने फोडून अर्धं प्यायचं आणि अर्धं मानेवर ओतायचं. वर कोक प्यायले आणि ठरवलं, पुढच्या दोन टेबलांपर्यंत काहीच ठरवायचं नाही.

खाण्याचा उपयोग झाला. डोकं साफ झालं, पाय हलके पडू लागले, वेगही सुधारला. आणि तरीही पुढे जावंसं वाटेना. मी आत पुनःपुन्हा शोधून पाहिलं. पदक हवंय का, शेवटची रेघ बघायचीय का, पॉली शॉर्ट्सचा तो नावाजलेला चढ चढायचाय का? प्रत्येक वेळी उत्तर ‘नको’ असंच आलं, आणि तेही शांतपणे. रडू नव्हतं, चिडचिड नव्हती. उरलेले पंचवीसेक किलोमीटर मी धावू शकले असते असं मला आजही वाटतं. पण ते फक्त घरी गेल्यावर लोकांना सांगण्यापुरते धावले असते. रस्त्याच्या कडेला गेले, स्वयंसेवकाला सांगितलं आणि शर्यत सोडणाऱ्यांना नेणाऱ्या बसची वाट बघत उभी राहिले.

इच्छा गेली कुठे, यावर मी बराच विचार केला आहे. त्या वर्षी ऑफिसात मार्चअखेरचं काम माझ्या एकटीवर होतं आणि आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. सराव एकही चुकला नाही, घड्याळातले आकडे उत्तम होते. मनाचा थकवा त्या घड्याळात दिसत नाही. संशोधक सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2009 मधला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सोळा जणांना एकदा 90 मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं, एकदा तेवढाच वेळ नुसते माहितीपट दाखवले, आणि दोन्ही वेळा नंतर दम संपेपर्यंत सायकल चालवायला लावली. डोकं शिणलेल्या दिवशी माणसं लवकर थांबली. हृदयाच्या किंवा स्नायूंच्या मोजमापांत त्याचं कारण सापडलं नाही. तेवढेच कष्ट त्यांना सुरुवातीपासून जास्त वाटत होते, एवढाच फरक. थांबायचं की नाही हे स्नायू एकटे ठरवत नाहीत. हे कष्ट करण्याजोगे आहेत का, याचा हिशोब मेंदू सारखा मांडत असतो, आणि इच्छा त्याच हिशोबातली रक्कम आहे. मग तिला गुडघ्यापेक्षा खालचा दर्जा का द्यायचा?

बसमध्ये फारसं कुणी बोलत नव्हतं. एक मुलगा खिडकीला डोकं टेकून रडत होता. माझ्या शेजारच्या बाईंनी संत्रं सोललं आणि आजूबाजूच्यांना दोन-दोन फोडी दिल्या. शर्यत जिथे संपत होती त्या स्कॉट्सव्हिलच्या रेसकोर्सवर उतरल्यावर मी प्रेक्षकांत जाऊन बसले, बारा तास पूर्ण होईपर्यंत. मुदत संपल्याची बंदूक झाडणारा माणूस येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा असतो, म्हणजे कुणाचा चेहरा बघून हात अडखळायला नको. बार झाला आणि रेघ बंद झाली. काही पावलांवर असलेले लोक तिथेच थबकले, एक गृहस्थ मटकन खाली बसले. माझ्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा पाणी आलं ते त्यांच्यासाठी. निकालाच्या यादीत त्यांच्या आणि माझ्या नावापुढे डीएनएफ, म्हणजे ‘पूर्ण केली नाही’, हीच अक्षरं लागतात. पण त्यांना ती रेघ हवी होती आणि मला नको होती, त्यामुळे त्यांच्या दुःखावर मी हक्क सांगणार नाही. मला सांत्वनाची गरजही वाटत नाही. प्रश्न विचारणाऱ्यांनी उत्तर खरं मानावं, एवढंच पुरे आहे.

आता ग्रुपमधली एक मैत्रीण कॉम्रेड्सला निघाली आहे. इंचांगावर कुठून कुठपर्यंत चालायचं, बटाटे पहिल्या टेबलापासून कसे खायचे, पिशवी चालता चालता कशी फोडायची, सगळं तिला सांगून झालं. शेवटी तिने चाचरत विचारलं, ‘ताई, आणि मध्येच सोडावंसं वाटलं तर?’ मी म्हटलं, आधी खा, मग दोन टेबलं थांब, आणि तरी नकोच वाटलं तर मला फोन कर. ‘अजून थोडंच राहिलंय’ असं मी अजिबात म्हणणार नाही.