डिस्पॅचच्या पलीकडचं बघायला शिकताना (माझा अनुभव)

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनवायचं आमचं युनिट आहे. मी आधी क्वालिटीत होते, मग प्रॉडक्शन, आता अख्खा प्लँट माझ्याकडे आहे. तो हाती आला तेव्हाच शेठ म्हणाले, "बेन, आज कुठली टाकी निघणार ते सुपरवायझर पण सांगतो, तुम्ही मला दोन वर्षांनंतरचं सांगा." आता हे शिकायचं कुठून? एक ऑनलाइन कोर्स लावला, त्यात सगळी उदाहरणं अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांची, आमच्या एवढ्याशा शेडला त्यातून काय घ्यायचं ते कळेना.

मग सरळ बिलं काढून बसले. बहुतेक धंदा एकाच पार्टीचा, हे सगळ्यांना माहीत होतं पण बोलत कोणी नव्हतं. दुसरं म्हणजे दुरुस्तीची किरकोळ कामं, क्रेन आणि चांगले वेल्डर तीच खातात आणि हातात काही उरत नाही. ती बंद करायची म्हटल्यावर वेल्डिंगचे काका भडकलेच, आलेली लक्ष्मी परत पाठवायची का म्हणे. खरं सांगते, नवीन काम घेण्यापेक्षा नको म्हणणं जास्त जड गेलं.

एका पार्टीवरचा भार कमी करायला सोलर प्लँटच्या ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या घ्यायचं ठरलं. शेठना लगेच पूर्ण शेड द्यायची होती. मी त्यांना सयाजीराव महाराजांचं सांगितलं, सक्तीचं मोफत शिक्षण 1893 मध्ये आधी अमरेलीत करून बघितलं आणि 1906 मध्ये पूर्ण बडोदा राज्यात नेलं, मधली तेरा वर्षं आपण बडोदेकर कधी बोलतच नाही. शेठ हसले, पण एकाच बेवर, म्हणजे शेडच्या एकाच भागावर, तयार झाले.

सगळ्यात कामाला आली ती प्री-मॉर्टेम. गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 2007 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत मांडलेली पद्धत, काम सुरू व्हायच्या आधीच धरून चालायचं की ते पार फसलंय, आणि का फसलं ते प्रत्येकाने लिहायचं. आमच्याकडे शेठसमोर कोण उलटं बोलणार, म्हणून बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या, गुजराती, मराठी, हिंदी जशी येईल तशी. एकीत होतं, पावसाळ्यात पेंट सुकत नाही आणि पार्टी माल तेव्हाच मागणार. दुसरीत, मोठी टाकी ट्रेलरवर चढवली तर गेटचं वळण बसणार नाही. आम्ही ड्रॉइंगवर एवढा डोकेफोड केला, गेट कोणी मोजलंच नव्हतं! टेप घेऊन गेलो तर खरंच अडत होतं, मग ऑर्डर घ्यायच्या आधी भिंत मागे घेतली.

एक वही पण ठेवलीये. निर्णय, त्याचं कारण, पुढे काय होईल असं वाटतं ते तारखेसकट लिहायचं आणि तिमाहीला उघडून बघायचं. पार्टीबद्दलचे माझे अंदाज बरेचसे जमतात, स्टील प्लेटच्या भावाचे अजिबात नाही. म्हणून भावाचा अंदाज बांधणंच सोडलं. ट्रान्सफॉर्मरवाले स्वतः आयईईएमएच्या, म्हणजे विजेची उपकरणं बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या, कच्च्या मालाच्या भावाच्या इंडेक्सवर ग्राहकाकडून भावफरक घेतात, मग आमचाच दर फिक्स का? हा क्लॉज मी नवीन पार्टीकडे टाकलाय, त्यांच्या परचेसवाल्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण पुढच्या ऑर्डरला परत विषय काढणार आहे.