जर्मनीतलं सिम कार्ड: पासपोर्ट, पोस्ट आणि बाबांचं नाव

जर्मनीत सिम कार्ड विकत घेणं अगदी सोपं. आल्डी किंवा लिडल या सुपरमार्केटात दूध-ब्रेड घेताना तेही घ्यायचं. ते सुरू करणं मात्र वेगळं प्रकरण. जुलै २०१७ पासून तिथे प्रीपेड सिमलाही ओळख पटवणं कायद्याने सक्तीचं आहे. आपल्याकडे आधार दाखवून अंगठा टेकवला की बाकीचं दुकानदार उरकतो. तिथे काउंटरवरच्या बाईंचा संबंध बिलापुरता. पुढचं सगळं आपण घरी बसून ऑनलाइन करायचं.

मी आखेनला मास्टर्ससाठी गेले तेव्हा घाई होती. ब्लॉक खातं म्हणजे व्हिसासाठी राहण्याखाण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं. त्यातले पैसे दरमहा ज्या बँक खात्यात यायचे, त्याचं अॅप फोन नंबर मागत होतं आणि सिमचा फॉर्म पत्ता मागत होता. हॉस्टेलची खोली हातात होती म्हणून निभावलं. तोवर विद्यापीठातलं एज्युरोम वायफाय आणि घरी व्हॉट्सअॅप कॉल.

ओळख पटवायचे दोन रस्ते. पहिला व्हिडिओ कॉलचा. समोरचा माणूस पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर तिरका धरायला लावतो आणि त्यावरची चकाकी तपासतो. मी निवडलेल्या कंपनीच्या व्हिडिओ तपासणीत भारतीय पासपोर्ट चालतच नव्हता आणि हे कॉल लागल्यावर समजलं. फॉर्ममध्ये देश निवडतानाच सांगायला काय हरकत होती?

दुसरा रस्ता पोस्टाचा, पोस्ट-इडेंट. कंपनीकडून आलेलं कूपन, पासपोर्ट आणि पत्ता नोंदवल्याचा कागद घेऊन मी गेले. पोस्ट म्हणजे पाटी लावलेली सरकारी इमारतच असेल असं नाही, आमच्या भागातलं पोस्ट स्टेशनरीच्या दुकानात एका कोपऱ्यात होतं. काउंटरवरच्या काकूंनी पासपोर्टवरचं एकेक अक्षर टाइप केलं आणि नावापाशी थांबल्या. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, पण माझं आणि बाबांचं नाव एकाच रकान्यात, एकापुढे एक. सीनियर मुलींनी आधीच बजावलं होतं की फॉर्मवर हुबेहूब तसंच भर, म्हणून जुळलं. मुलीला दोन नावं, त्यातलं एक पुरुषाचं, हे काकूंना काही झेपलं नाही, पण अक्षरं जुळत होती म्हणजे प्रश्न मिटला. तेव्हापासून कंपनीची पत्रं माझ्या आणि बाबांच्या जोडनावाने येतात. त्यानंतर सिम लगेच सुरू झालं.

प्रीपेडचे प्लॅन तिथेही चार आठवड्यांचे, म्हणजे आपल्यासारखीच वर्षाला १३ रिचार्ज. दुकानांत २४ महिन्यांचे करार फोनसकट लावून ठेवलेले असतात आणि दिसायला स्वस्त असतात. डिसेंबर २०२१ पासून मूळ मुदत संपल्यावर एका महिन्याच्या नोटिशीने करार सोडता येतो, पण ती मुदत तर भरावीच लागते. ज्याचा कोर्सच दोन वर्षांचा आणि नोकरी कुठल्या गावात मिळेल हे माहीत नाही, त्याने त्यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता भारतातल्या नंबरबद्दल, कारण खरी फजिती तिथे होते. आपल्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. तो नंबर बंद पडला तर शैक्षणिक कर्जाच्या खात्यात शिरणंही मुश्कील. म्हणून निघण्याआधीच इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या. तिथे पोचल्यावर त्या सिमचा डेटा बंद ठेवा, फोनही उचलू नका, एसएमएस मात्र येऊ द्या. रिचार्जची मुदत संपली की एसएमएसही थांबतात, त्यामुळे आमच्याकडे बाबांनी ३६५ दिवसांचं रिचार्ज मारलं आणि तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवली. दोन सिमचा फोन असेल तर तो जुना नंबर दुसऱ्या खणात निमूट पडून राहतो.

आखेन सीमेवरचं गाव. बसने फाल्सला गेलं की फोन नेदरलँड्सचं नेटवर्क पकडतो आणि 'स्वागत आहे'चा मेसेज येतो. जर्मन सिमवर त्याने बिघडत नाही, जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत. स्वित्झर्लंड संघात नाही, तिथे ट्रिपला जाताना रेल्वेतच डेटा रोमिंग बंद करा आणि प्लॅनमध्ये तो देश धरलाय का ते आधी बघून घ्या.